विपरीत, पण कोणाच्या दृष्टीने?

नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणे सांगताना वेष, वाणी आणि आचार यांतील विपरीततेला महत्त्वाचे स्थान दिलेले आहे. हा भाग वर्गात शिकवताना दरवेळी मला एक प्रश्न अडवतो: विपरीत, पण कोणाच्या दृष्टीने? लुंगी नेसणाऱ्याला लुंगी विपरीत वाटत नाही आणि स्वतःच्या बोलण्यातला हेल कोणालाच ऐकू येत नाही. म्हणजे हसू फुटण्याआधीच कोणाचे तरी बोलणे-चालणे 'सरळ' म्हणून गृहीत धरले गेलेले असते. वांशिक साच्यांवर उभे राहिलेले विनोदी चित्रपट पूर्वग्रहाला धक्का देतात की तो अधिक घट्ट करतात, या जुन्या वादाचे मूळ मला या गृहीतकात दिसते.

१९६८ साली प्रदर्शित झालेले दोन चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ब्लेक एडवर्ड्‌स यांच्या 'द पार्टी'मध्ये पीटर सेलर्स हा इंग्रज नट चेहऱ्याला तपकिरी रंग लावून ह्रुंडी बक्षी नावाचा भारतीय नट होतो. चित्रीकरणाचा सारा खेळखंडोबा केल्यामुळे ज्याचे नाव काळ्या यादीत जायचे, ते चुकून हॉलिवुडमधल्या एका मेजवानीच्या निमंत्रितांत जाते आणि पुढचा गोंधळ सुरू होतो. या चित्रपटाची बाजू घेणारे म्हणतात की त्या मेजवानीत सर्वांत सुसंस्कृत माणूस बक्षीच आहे. ते खोटे नाही. उन्मत्त यजमान आणि लंपट निर्माते यांच्या गर्दीत त्याची ऋजुता उठून दिसते. परंतु त्याच्या उच्चारांतून आणि गोंधळलेल्या हालचालींतून येणारे हसू या ऋजुतेच्या कितीतरी आधी येते. शिवाय आपल्याकडे कोणत्या साच्यातून पाहिले जात आहे, याची बक्षीला कल्पनाच नसते. ती फक्त सेलर्सला आणि प्रेक्षकाला असते.

दुसरा चित्रपट आपल्याला अधिक जवळचा, म्हणून अधिक अडचणीचा. 'पडोसन'मधला मेहमूदचा मास्टर पिल्लई आपण वर्षानुवर्षे प्रेमाने पाहत आलो. त्याच्या कथानकातली एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिल्लई खरोखरच संगीत शिकवणारा माणूस आहे, तर नायक भोलाला गाता येत नाही. तो मित्राच्या गळ्यावर नुसते ओठ हलवतो. जुगलबंदीत हरतो आणि हास्यास्पद ठरतो तो ज्याला गाणे येते तो! त्याचा वेष, त्याची शेंडी, त्याचे हिंदी एवढे भांडवल प्रेक्षकाला पुरते. याच काळात मुंबईत काय चालले होते, हेही आठवले पाहिजे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली होती, 'मार्मिक'मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या आणि लुंगी हा घोषणेचा विषय झाला होता. 'पडोसन'मुळे हे घडले, असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण पडद्यावरची लुंगी आणि रस्त्यावरच्या घोषणेतली लुंगी या दोहोंकडे पाहणारा डोळा तितकासा वेगळा नव्हता. हिंदी चित्रपटातली मोलकरीण आणि हवालदार मराठीच का, हा आपला सवाल रास्त आहे. मात्र तो विचारणाऱ्याला पिल्लईची बाजूही ऐकावी लागते. वर्गातल्या चर्चेत एका तमिळभाषक विद्यार्थिनीने सांगितले की त्यांच्या घरी हा चित्रपट सगळे हसत हसत पाहतात. पण शाळेत तिला वर्षभर 'मास्टर पिल्लई' अशी हाक मारली जाई आणि तेव्हा तिला हसू येत नसे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

साचा वापरूनही त्याच्यावर उलटणारा चित्रपट कसा असतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मेल ब्रुक्स यांचा 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४). त्याच्या लेखकांमध्ये रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदवीर होता. आरंभी रेल्वेमार्गावर राबणाऱ्या काळ्या मजुरांना गोरे मुकादम 'तुमचे ते कामाचे गाणे म्हणा' असे फर्मावतात. मजूर कोल पोर्टरचे एक नागर प्रेमगीत सुरेख स्वरमेळात म्हणू लागतात. मुकादम वैतागतात आणि 'खरे' गाणे कसे असते ते दाखवण्यासाठी स्वतःच नाचत-गात सुटतात. ज्यांनी साचा घडवला, तेच त्यात शिरून वेडेवाकडे होतात. पुढे शेरिफ म्हणून आलेल्या बार्टवर सारे गाव बंदुका रोखते, तेव्हा तो स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावतो आणि धमकावणारा व घाबरलेला अशा दोन्ही भूमिका वठवून निसटतो. गावकऱ्यांच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ते ज्ञान हेच त्याचे हत्यार आहे. बक्षी आणि पिल्लई यांना नेमके हेच नाकारलेले होते.

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु विद्यार्थ्यांना मजुरांच्या गाण्याचा प्रसंग दाखवला, तेव्हा काहींना मुकादमांच्या नाचाचे हसू आले, तर काहींना त्याआधीच, मजुरांच्या तोंडी ते नागर गीत येताच. दुसऱ्या हास्यात मजुराला असे गाणे शोभत नाही, हे गृहीतक शाबूतच राहते. याच वर्षी, १९७४ साली, नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्ची बंकर या वंशद्वेष्ट्या गृहस्थाची खिल्ली उडवणे, हा मालिकेचा हेतू. विनोद दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना आवडत होता. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होता, त्यांचा कल आर्चीची खिल्ली पाहण्याऐवजी त्याचे कौतुक करण्याकडे होता. उपहास लेखकाच्या हातून सुटला की तो कोणाच्या घरी कोणत्या रूपात पोहोचेल, याची हमी नसते.

मग असे चित्रपट कपाटात बंद करावेत काय? मला तसे वाटत नाही. २०२० साली अमेरिकेत 'ब्लेझिंग सॅडल्स' एचबीओ मॅक्सवर दाखवताना त्यात काटछाट न करता चित्रपट-अभ्यासक जॅकलीन स्टुअर्ट यांचे प्रास्ताविक जोडण्यात आले. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. अर्थात प्रास्ताविक ऐकून कोणी आपले हसू बदलत नाही. परंतु चित्रपट संपल्यावर आपण नेमके कोठे हसलो, हे मागे वळून तपासण्याची सवय लागू शकते, आणि साहित्याच्या वर्गात एवढे तरी निश्चित करता येते. विनोद पूर्वग्रह धुऊन काढतो, हा दावा मला भाबडा वाटतो. ज्या मापाने आपण दुसऱ्याला वाकडे ठरवतो, ते माप चांगला विनोद क्षणभर उघडे पाडतो. ते टाकून द्यायचे की पुन्हा खिशात घालायचे, हे प्रेक्षकाने ठरवायचे असते.