बागेचा विमा आणि बागवानाचा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेचा विमा उतरविणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. थंडीत पारा ठरलेल्या अंशाखाली उतरला, उन्हाळ्यात तो फार चढला, किंवा वादळाने झाडे आडवी केली, तर हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यातून भरपाई मिळते. बागेविषयी इतका दूरवर विचार करणारा आमचा खानदेशी गृहस्थ स्वतःविषयी मात्र ‘मला काय होणार आहे!’ असे म्हणून मोकळा होतो. बुडालेली बाग पुन्हा लावता येते; बागवान गेला तर? हा प्रश्न अशुभ म्हणून घरात कोणी काढीत नाही. परंतु न काढल्याने तो टळतो असेही नाही.

विमा घेणारेही पुष्कळ आहेत. पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘शेवटी परत किती मिळणार?’ जळगावच्या सराफ बाजारात सोने घेताना शोभणारा हा प्रश्न येथे घात करतो. पैसे परत देणाऱ्या विम्याचा हप्ता जड असतो. म्हणून माणूस तो लहान रकमेचा घेतो, आणि कुटुंबाला संरक्षण थोडेच लाभते. निव्वळ मुदतीच्या विम्यात मुदत सुखरूप पार पडली तर काहीच परत मिळत नाही. पण त्याच हप्त्यात रक्कम कितीतरी मोठी मिळते. चोरी झाली नाही म्हणून राखणदाराची मजुरी कोणी परत मागतो काय?

मग रक्कम किती असावी? धुळ्यातील एखाद्या मध्यम घराचा खर्च महिना 30,000 रुपये धरू. मुले मिळवती होईपर्यंतच्या 15 वर्षांचे 54 लाख झाले. त्यांत 6 लाखांचे कर्ज मिळवा, 10 लाखांची शिल्लक वजा करा; उरले 50 लाख. महागाई आणि व्याज यांचा सूक्ष्म हिशेब निराळा, पण अंदाजाला एवढे पुरे. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा विमा मिळतो. तो अवश्य घ्यावा. मात्र या घराला ती रक्कम सात महिनेही पुरणार नाही, हे विसरू नये.

रक्कम मोठी असली तरी ती कोणाच्या हाती पडणार, हेही पाहिले पाहिजे. उधारीवर चालणाऱ्या व्यापाऱ्याच्या मागे धनको आधी दारात उभे राहतात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीचा 1874 चा कायदा येथे उपयोगी पडतो. 1923 च्या दुरुस्तीने तो हिंदू, मुसलमान, जैन आदी कुटुंबांनाही निःसंशय लागू झाला. पतीने पत्नी व मुले यांच्या हितार्थ या कायद्याखाली विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांचीच होते. धनकोंना फसविण्याचा हेतू सिद्ध झाल्यावाचून तिला कर्जाची झळ लागत नाही. मात्र ही तजवीज विमा घेतेवेळीच करावी लागते.

अर्ज भरताना आजार, तंबाखूची सवय यांतले काही लपवू नये. पहिल्या तीन वर्षांत अशी लपवाछपवी उघडकीस आली, तर विमा रद्द ठरू शकतो, आणि त्याचे फळ लपविणाऱ्याला नव्हे, त्याच्या विधवेला भोगावे लागते.

शेवटी, विम्याचे कागद कपाटात कुलूपबंद करण्यापूर्वी ते पत्नीला वाचून दाखवावेत, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्या दिवशी त्यांची गरज पडेल, त्या दिवशी ते कोठे आहेत हे सांगायला आपण नसणार.