नाकाच्या शेंड्यावरचा फोड

नागिणीची भीती आपल्याकडे कमरेभोवती फिरते. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. प्रत्यक्षात ती अंगाची मध्यरेषा सहसा ओलांडतच नाही. ती पसरते एका नसेच्या वाटेनं, आणि नस एक तर डावीकडची असते, नाहीतर उजवीकडची. कधीकाळी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून असतो; वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली, की उठतो. चेहऱ्याच्या नसेतही उठतो.

माझ्या आत्याच्या कपाळावर तो उठला, तेव्हा ही नागीण असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आधी नुसतं दुखत होतं. भुवईच्या वर, अर्ध्या डोक्यात. कंगवा लागला तरी आग. अर्धशिशी म्हणून सुंठ उगाळून लावली. मग पुरळ आलं, तर ‘काहीतरी चावलं असेल’. पापणी सुजली, तर ‘डोळे आले’. हे सगळं एकाच बाजूला चाललंय, कपाळाच्या मधोमध आखल्यासारखं थांबलंय, हे शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी पाहिलं. त्यांनी आत्याला खिडकीशी बसवलं आणि आधी तपासलं ते नाक.

नाकाच्या शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकाच फांदीच्या. म्हणून शेंड्यावर किंवा नाकाच्या कडेला फोड दिसला, तर डोळा धोक्यात आहे असं समजायचं. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण नोंदवली. आजही ती त्यांच्याच नावानं ओळखतात. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा सुरक्षित, असं नाही. कपाळावर किंवा पापणीवर नागीण असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवायचंच. उजेड सहन होत नसेल, डोळा लाल असेल, धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी. गेरूचा लेप लावणाऱ्या हातांत माया असते, हे मी जाणते. पण त्या लेपाखाली हेच तास निघून जातात, याचा मला फार त्रास होतो.

आत्याची दृष्टी टिकली. कपाळाची आग मात्र खपल्या पडून गेल्यावरही कितीतरी महिने राहिली. बुबुळाची संवेदना कमी झाल्यामुळे कचरा गेलेला तिला कळत नाही. शिवाय डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तपासणीला ती अजून जाते. पन्नाशीनंतर घ्यायची, दोन डोसांची लस आता भारतातही मिळते. माझ्या भावंडांना मी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारायला लावलं आहे.