आमची कागदाची आरास

गणपती जवळ आले की आमच्या घरी कात्री हरवते. कुणीतरी ती वापरत असते आणि नेमके कोण, ते कळत नाही. आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. त्या पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. मुक्काम तीनच दिवसांचा, पण त्यासाठी आमच्या घरी आठ दिवस आधीपासून कागद कापणे चालते.

ही आरास आजीने सुरू केली. तिच्या लहानपणी घोटीव कागद, पतंगाचा कागद आणि बेगड एवढेच मिळायचे. चोवीस ताव म्हणजे एक दस्ता, हा हिशेब तिला अजून पाठ आहे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, "आता मखर कशाचं करावं?" आजी म्हणाली, "आमच्या घरात थर्माकोल आलंच कधी? आमचं कागदाचंच बरं आहे."

आजीचे तीन नियम आहेत. पहिला, आधी खळ, मग कागद. मैदा थंड पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा. उकळत्या पाण्यात एकदम टाकला तर गुठळ्या होतात. चिमूटभर तुरटी घातली की खळ लवकर आंबत नाही. दुसरा नियम, कागदाची दिशा बघायची. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले तर वाकडे जाते. तुम्हीही करून बघा. तिसरा नियम, रंगीत कागदाला ओला हात लावायचा नाही. क्रेप कागदाचा रंग लगेच सुटतो आणि मग हात, सदरा, भिंत, सगळेच लाल.

दिशेचे कारण मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, गिरणीत कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पडतो, म्हणून त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने आडवे होतात. हाताने केलेल्या कागदात तसे फारसे होत नाही. आपल्या मराठवाड्यातच, दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे, कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथे हातकागद करण्याचा धंदा कित्येक शतकांचा आहे. चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात ढवळायचा, चाळणीवर घ्यायचा आणि वाळवायचा, की झाला ताव. कागद पाण्यातूनच तयार होतो, हे मला तेव्हा कळले. पाण्यातच तो परत विरघळतो, हे त्याच वर्षी कळणार होते.

मी २०२५ सालची गोष्ट सांगतो आहे. १७ ऑगस्टच्या रात्री आपल्या उदगीर भागात आणि शेजारच्या मुखेड तालुक्यात फार मोठा पाऊस झाला. पहाटेपर्यंत लेंडी नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. माझी आत्या त्याच भागात राहते. दोन दिवस फोन लागला नाही. आजी देवापुढे बसून होती. तिसऱ्या दिवशी आत्या आणि माझी आतेबहीण उदगीरच्या स्टँडवर उतरल्या. आतोबा मागे घर बघायला थांबले होते. आत्याच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत महालक्ष्म्यांचे मुखवटे होते, दुसरीत आतेबहिणीच्या वह्या. एवढेच तिने माळ्यावर टाकून वाचवले होते, आणि पाणी माळ्यालाही लागले होते.

आतेबहीण माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे, म्हणून मी तिला ताई म्हणतो. तेव्हा आम्ही दोघेही सहावीत होतो. आजीने तिच्या वह्या ओसरीत दोरीवर वाळत घातल्या. कपडे घालतात तशा. त्या वाळल्या, पण फुगून दुप्पट झाल्या.

पोळा २२ ऑगस्टला होता. त्या दिवशी ताई बाहेर आलीच नाही. आमच्या गल्लीतून बैल गेले, घुंगरं वाजली, तरी ती भिंतीकडे तोंड करून बसली. आत्याकडे दोन बैल होते. पुरात एक गेला. हे मला आईने हळूच सांगितले.

संध्याकाळी आत्या आजीला म्हणाली, "माय, यंदा कशाच्या महालक्ष्म्या? घरात चिखल हाय. भिंती वल्ल्या हायत."

आजी म्हणाली, "चिखल निघंल. तुझ्या लक्ष्म्या तुझ्याच घरी उभ्या राहतील. आरास हितली लेकरं करून देतील. दोन घरची करा रे पोरांनो."

दोन घरची आरास म्हणजे दुप्पट कागद. माझे बाबा मोंढ्यात हमाली करतात. पावसाने मालाची आवक कमी, म्हणून कामही कमी. मी बाबांकडे पैसे मागितले नाहीत. आईने दिलेल्या वीस रुपयांत चौबाऱ्यातून घोटीव कागदाचे चार ताव आणले. बाकीचे रद्दीतून करायचे ठरले. जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, साबणाची वेष्टने, कॅलेंडरची मागच्या वर्षीची पाने, सगळे गोळा केले. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी भाग कापून ठेवला, त्याची फुलांची मधली टिकली छान होते.

काम वाटून घेतले. ताव दुहेरी घडी घालून मी पताका कापायचो. धाकटा भाऊ सुतळीवर पताका ओळीने मांडायचा आणि आई खळ लावायची. ताईला झिरमिळ्या दिल्या. कागदाची पट्टी घ्यायची, वर बोटभर सोडायची आणि खाली कात्रीने बारीक चिरा देत जायच्या. ती कुणाशी बोलत नव्हती, पण तिच्या चिरा सगळ्यांत बारीक आणि सारख्या पडायच्या. मला थोडा हेवा वाटला, हे खरे सांगतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

साखळीला निळा कागद हवा होता. तो आमच्याकडे नव्हता. ओसरीतल्या दोरीवर ताईची एक वही होती. तिच्यातली शाई पाण्याने पसरून पाने निळीशार झाली होती, आभाळावर ढग असावेत तशी. अक्षर कुठे कुठेच दिसत होते. मला वाटले, ही आता काय कामाची? रद्दीच ती. मी विचारले नाही. पाच-सहा पाने काढली, पट्ट्या कापल्या, एकात एक कड्या गुंतवून साखळी केली. फार सुंदर दिसत होती. मी ती घेऊन धावतच आत गेलो आणि म्हणालो, "ताई, बघ की, काय झाक झाली!"

तिने साखळी हातात घेतली. एक कडी उलटी करून पाहिली. मग दुसरी. मग ती म्हणाली, "ही माझी निबंधाची वही हाय."

एवढेच म्हणाली आणि रडू लागली. आजी आतून आली. "काय झालं माय? कशाला रडलालीस?"

ताईला सांगता येईना. मग आत्याने सांगितले. शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध होता. सगळ्यांनी कुत्रा नाहीतर मांजर लिहिले. ताईने त्यांच्या बैलावर लिहिला होता, आणि तिच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. तोच बैल पाण्यात गेला होता. त्या पानाच्या मी चौदा पट्ट्या केल्या होत्या.

मी कड्या सोडवायला बसलो. खळ वाळली होती. ओढले की कागद फाटायचा आणि पाणी लावले असते तर उरलेली शाईही गेली असती. एक कडी फाटली तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे." मला रागावली असती तर बरे वाटले असते.

बाबा रात्री मोंढ्यातून आले. त्यांना आईने सांगितले. ते मारतील म्हणून मी गोधडीत शिरलो होतो. पण ते फक्त माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "रद्दी कुणाची हे विचारल्याबिगर कात्री चालवू नये. मोंढ्यात आम्ही रिकामं पोतं सुद्धा विचारून उचलतो."

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी माझी एक नवी वही काढली आणि ताईपुढे ठेवली. म्हणालो, "तू सांग, मी लिहितो." ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बॉलपेननं लिही. त्याची शाई पसरत न्हाई." तिच्या गणिताच्या वहीत बॉलपेनने लिहिले होते आणि ती वही भिजूनही वाचता येत होती. हे तिने माझ्याआधी पाहिले होते.

तिने निबंध सांगितला. बैलाचा रंग, उजव्या शिंगाचे टोक कसे थोडे वाकडे होते, तो दावणीला बांधला तरी तिचा आवाज ऐकून मान कशी वळवायचा, सगळे तिला आठवत होते. एक दोन ठिकाणी ती थांबली, तेव्हा साखळीची कडी फिरवून आम्ही शब्द शोधला. निबंध पुरा व्हायला एक तास लागला. नंतर ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ तुझ्या चुका हायत, माझ्या न्हाईत."

गणिताचीही उरलेली उदाहरणे आम्ही माझ्या वहीतून उतरवून घेतली. दोन वह्यांचा मात्र पार लगदा झाला होता. या वेळी मी विचारले, "ताई, याचं काय करावं?" आजी म्हणाली, "टोपलं करू." पूर्वी घरोघर अशी टोपली करत, हे मला माहीत नव्हते. लगदा चांगला भिजवून कुटला, त्यात भिजवलेली मेथी वाटून घातली. मेथीने चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही, असे आजी सांगते. मग एक घमेले पालथे घातले, त्यावर जुने फडके पसरले आणि वरून लगदा थापला. पावसाळी हवेत ते वाळायला चार दिवस लागले. वाळल्यावर सुटे केले तर हलके आणि टणक टोपले तयार. त्याला आत्याने बेगडाची किनार लावली. तो बेगड तिने पोळ्यासाठी आणून ठेवला होता.

महालक्ष्म्या ३१ ऑगस्टला यायच्या होत्या. आधीच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा जोराचा पाऊस झाला, म्हणून आम्ही ३१ ला सकाळीच एसटीने निघालो. कागद भिजू नये म्हणून सगळी आरास गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरली होती. कंडक्टरने विचारले, "डब्यात काय हाय?" ताई म्हणाली, "महालक्ष्मीचं घर हाय."

आत्याच्या घरात शिरलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ दिसली. माझ्या डोक्याच्याही वर होती. भिंती ओल्या, म्हणून खळ धरेना. तेव्हा आतोबांनी आढ्याच्या दोन बाजूंना सुतळी बांधली आणि आम्ही पताका, झिरमिळ्या सगळे सुतळीवरच टांगले. ओली भिंत मागे राहिली, तिच्यापुढे कागद डुलू लागला. संध्याकाळी मुखवटे बसवले. टोपल्यात फराळाचे ठेवले. शेजारच्या बाया बघायला आल्या. त्यातल्या काहींच्या घरी त्या वर्षी आरास नव्हती. आत्याने पताकांची एक माळ काढून त्यांना दिली, मग आणखी एक दिली. शेवटी आत्याकडे निम्मीच उरली, पण ती म्हणाली, "बास की. दिसायला हाय तेवढं."

निळी साखळी मी डब्याच्या तळाशी ठेवली होती. ती लावावी की नको, हे मला कळेना. ताईनेच ती काढली. महालक्ष्म्यांजवळ लावली नाही. गोठ्याच्या दारावर, छपराच्या आतल्या बाजूला बांधली. आत एकच बैल होता. तो मान वळवून बघत होता.

विसर्जनानंतर आम्ही आरास उतरवली आणि चांगल्या पताका डब्यात घालून ठेवल्या. साखळी मात्र ताईने उतरवली नाही.

आता यंदाही गणपती, महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. आपल्या वर्गासाठी पताका करायच्या आहेत. खळ मी घरून आणीन, तुरटी घातलेली. तुम्ही जुना कागद आणा. पण मित्रांनो, आणण्याआधी घरात एकदा विचारा, हा कुणाचा आहे म्हणून.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी