पंचवीस पावलांवर

काल पहाटे मी भेकर पाहिलं! पिंजऱ्यातलं नव्हे, चित्रातलं नव्हे. पंचवीस पावलांवर, मोकळ्या रानात, माझ्याकडे तोंड करून उभं! केरीच्या फेरीबोटीतून तेरेखोलला कितीदा उतरले असेन, किल्ल्यावरून समुद्र डोळे भरून पाहिला असेन. पण हीच तेरेखोल नदी बांद्याकडून खाली येताना काठच्या डोंगरांत काय काय सांभाळते, याचा मला पत्ताच नव्हता!

निमित्त झालं आतेभावाचं. तो विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतो. त्या राज्याने 1934 साली धनुर्धाऱ्यांसाठी हंगाम सुरू केला. आता तो सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो. पारा शून्याच्या कितीतरी खाली असताना हा गडी झाडाला बांधलेल्या मचाणावर अंधारात चढून बसतो. फोनवर म्हणाला, ''बंदुकीचं वेगळं. बाणाला हरीण वीस-पंचवीस मीटरवर यावं लागतं, आणि ते त्याच्या मर्जीने येतं. आपण फक्त नसल्यासारखं बसायचं.''

नसल्यासारखं बसायचं! ते शब्द डोक्यातून जाईनात. आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण बसायला कोण अडवतंय? तांबोश्याच्या मामांचा माळा आहेच की!

हा माळा म्हणजे चार खांब, वर फळ्या, त्यावर चुडतांचं छप्पर. खाली कुळीथ आणि अळसांदे. रानडुकरं आली की मामा इथून पत्र्याचा डबा बडवतात. मी येते म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली : केसांचं तेल धुऊन ये, साबणही वासाचा नको. रात्री डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. भेकरं उतरतात पूर्वेच्या काजूतून, माळा आहे पश्चिमेच्या बांधावर. म्हणजे आपला वास त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शाळेत खारे वारे, मतलई वारे घोकले होते. ते शेताच्या राखणीत असे कामाला येतात, हे त्या माळ्यावर बसल्यावर कळलं!

चार वाजता चढलो. अंगावर घोंगडं, तरी दात वाजत होते. चुडतांवरून दहिवर टपटपत होतं. कुठेतरी रातवा एकसारखा टुकटुक करत होता. पाय बधिर झाला म्हणून जरा हलवला, तर मामा कानाशी पुटपुटले, ''वगी रव,'' म्हणजे गप्प राहा. तासाभराने गंमत अशी झाली की थंडी वाजायची थांबली, किंवा तिच्याकडे लक्षच राहिलं नाही. दहिवराचे थेंब वेगवेगळे ऐकू यायला लागले : चुडतावरचा वेगळा, पानावरचा वेगळा, वाळल्या पाचोळ्यावरचा वेगळा!

आणि मग काजूत कुणीतरी भुंकलं. घोगरं, एकदाच. मामांनी बोट उचललं.

उजाडता उजाडता ते आलं. नर होता. एक पाऊल टाकायचं, पुढचा पाय तसाच अधांतरी धरून थांबायचं, ऐकायचं, मग दुसरं पाऊल. पाठीवरचे केस दहिवराने ओले. कपाळावर दोन काळ्या रेघा खाली उतरत नाकाच्या दिशेने जुळलेल्या. आखूड शिंगं, आणि तीसुद्धा कातडीने मढवलेल्या खुंटांवर! वरच्या ओठातून डोकावणारा बारीक सुळा मला स्वच्छ दिसला. पानं खाणारं हरीण, आणि त्याला सुळे! त्याने अळसांद्याचा शेंडा तोडला, चावला. तो आवाजसुद्धा मी ऐकला. मामांच्या मांडीवर डबा होता. पीक त्यांचं, घाम त्यांचा. त्यांनी डब्यावर हात पालथा ठेवला आणि भेकराला खाऊ दिलं. मामा, हे मी कधी विसरणार नाही.

मग वारा पडला. काही क्षण पानही हललं नाही. भेकराने मान वर केली, नाक थरथरलं, थेट माझ्याकडे पाहिलं. पुढचा खूर जमिनीवर आपटला, एक भुंकणं, आणि शेपटी उभी करून ते काजूत गेलं. त्या शेपटीखालचा पांढरा रंग अंधुक उजेडात सर्वांत शेवटी दिसेनासा झाला.

आतेभावाला लगेच फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. ''शेपटी वर केली? खालून पांढरी?'' तो ओरडलाच. ''अगं, आमचंही हरीण जाताना अस्संच करतं!'' आम्ही दोघं अर्धा तास नुसत्या वाऱ्यावर बोलत होतो.

आज केसांना तेल लावलेलं नाही. पावणेतीनचा गजर लावलाय.