ना सासर, ना माहेर

बाईमाणसाला घरे दोनच, एक माहेर आणि दुसरे सासर, असे आपल्याकडे धरून चालतात. तिसऱ्या घरी ती राहिलीच, तर पाहुणी म्हणून, आणि तेही तीन दिवस. चौथ्या दिवशी पाहुण्याचे काय होते ते वाचकांना मी सांगायला नको! मी मात्र वयाच्या चौसष्टाव्या वर्षी अशा एका तिसऱ्या घरी चांगली अडीच महिने राहिले. ते घर नेपाळात, काठमांडूच्या पूर्वेला, काव्रे जिल्ह्यातल्या एका डोंगरउतारावर. आणि तिथे मी गेले होते ती चक्क अमेरिकेची स्वयंसेविका म्हणून.

हे कोडे आधी उलगडते. लग्न होऊन पुण्याहून अमेरिकेला गेले, संसार तिथेच झाला, यथावकाश नागरिकत्वही घेतले. पुढे नोकरी संपली, मुले आपापल्या घरी गेली, आणि घरात माणसापेक्षा खुर्च्या जास्त झाल्या. त्या देशात 'पीस कोअर' नावाची एक सरकारी संस्था आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ती १९६१ साली काढली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला तीत जाता येते. वयाला वरची मर्यादा नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, याच संस्थेतर्फे आपल्या विक्रोळीला आल्या होत्या. त्या अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीला येऊ शकतात, तर मी नेपाळला का नाही? तिथले काम १९६२ साली सुरू झाले, यादवीच्या काळात २००४ साली थांबले आणि २०१२ साली पुन्हा चालू झाले. त्यानंतरच्या एका शरद ऋतूत मी जाऊन पोचले.

एकूण मुदत सत्तावीस महिन्यांची. त्यांतले पहिले सुमारे तीन महिने शिकण्याचे. शिकायचे ते वर्गात थोडे आणि घरात फार. म्हणून प्रत्येक उमेदवाराला गावातल्या एकेका कुटुंबात ठेवतात. जेवणाखाण्याचे पैसे संस्था देते. बाकी सगळे त्या कुटुंबाच्या मायेवर.

मी दारात उभी राहिले तेव्हा अंगणात निम्मे गाव जमले होते. पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची कोणी मड्डम येणार, अशी सर्वांची खात्री. एका म्हातारीने माझ्याकडे पाहिले, माझ्या पाठीमागे पाहिले, आणि विचारले, "अमेरिकन खोइ?" म्हणजे, अमेरिकन कुठे आहे? मी छातीवर हात ठेवून "मीच ती" असे सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली, तेवढी माझ्या सासूबाईंच्याही चेहऱ्यावर मी पाहिली नव्हती.

पुढचा पेच नात्याचा. घरच्या बाईला 'आमा' म्हणायचे, असे आमच्या शिक्षिकेने पढवले होते. पण ही आमा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी! शेवटी तिनेच निवाडा केला. एरवी मी तिची 'दिदी'. मात्र ताटावर बसले की ती आमा, आणि तिथे माझे काही चालायचे नाही. ते खरोखरच चालले नाही. सकाळी दहाला डाळ-भात, संध्याकाळी सातला डाळ-भात, जोडीला भाजी, लोणचे, कधी आंबवून वाळवलेल्या पाल्याचे गुन्द्रुक. भाताचा डोंगर निम्मा उतरला की वरून दुसरा डोंगर. 'पुग्यो', म्हणजे पुरे, हा मी अंगी बाणवलेला पहिला नेपाळी शब्द. त्याचा उपयोग मात्र कधी झाला नाही.

बाकी भाषेने मला फार फसवले नाही. लिपी आपलीच. आपल्याला भूक लागते, त्यांना 'भोक' लागते. आपले जुने लोक 'पोर' आणि 'परार' म्हणत. गेले साल आणि त्याच्या आधीचे साल यांना ते 'पोहोर' आणि 'परार' म्हणतात. आजीच्या तोंडचा शब्द हिमालयात भेटला म्हणजे कसे वाटते ते सांगून समजायचे नाही. पण शब्द कधी कधी वेषांतरही करतात. पहिल्या आठवड्यात आमा म्हणाली, बाहेर छान घाम आहे, जाऊन बस. घाम म्हणजे तिकडे ऊन! आमच्या वर्गातली बावीस-तेवीस वर्षांची अमेरिकन पोरे क्रियापदांशी झगडत असत, आणि मी आपली शहाण्या मुलीसारखी पुढे. 'तँ, तिमी, तपाईं' यांतला फरक त्यांना दहा दिवसांत कळला नाही. मला तो 'तू' आणि 'आपण' यांनी जन्मापासून शिकवला होता.

दिवस ठरलेला. साडेपाचला चहा, सातला वर्ग, दहाला भात, पुन्हा वर्ग, दुपारी चिउरा म्हणजे आपले पोहे, चारला घर. पाणी उकळायचे, मग गाळायचे, मगच प्यायचे. उष्ट्याला तिथे 'जुठो' म्हणतात, आणि त्याचा विटाळ आपल्या जुन्या सोवळ्याइतकाच कडक. घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. ते तर आपल्याकडेही मानत नाहीत. अमेरिकेत चाळीस वर्षांत दिवसाला वीस वेळा 'थँक्यू' म्हणायची लागलेली सवय इथे चार दिवसांत गळून पडली.

आता खोलीविषयी. उमेदवाराला स्वतंत्र खोली हवी आणि तिला कुलूप हवे, असा संस्थेचा नियम. घरात अशी खोली एकच होती, मुलाची आणि सुनेची. मुलगा चार वर्षांपासून कतारला, इमारतीच्या कामावर. मधे एकदाच येऊन गेलेला. खोली माझ्यासाठी मोकळी झाली आणि सून सात वर्षांच्या लेकाला घेऊन सासूजवळ निजू लागली. भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो, पलंगाखाली तिची पेटी. रोज सकाळी साडीचोळीसाठी ती दारावर हलकेच टकटक करी. स्वतःच्याच खोलीच्या दारावर! मी दिवसभर दार उघडे ठेवू लागले, तरी ती टकटक करायची राहिली नाही.

कतारला सुट्टी शुक्रवारची, म्हणून फोन शुक्रवारी. तो वाजण्याआधी अर्धा तास आमा तोंड धुवी, चांगली शाल घेई, नातवाचे केस विंचरी आणि उजेड पडेल अशा जागी सर्वांना बसवी. त्या वर्षी म्हैस आजारी होती. दूध आटले होते. बांचा गुडघा सुजला होता. फोनवर आमा हसून म्हणे, सगळे ठीक आहे, तू जेवतोस ना वेळेवर? तिकडून तोही म्हणे, सगळे ठीक आहे. सून एक वाक्य बोले आणि मुलाच्या हाती फोन देई. फोन बंद झाला की घर एकदम गप्प होई. आमा लसूण सोलायला बसे, आणि गरजेपेक्षा पुष्कळ जास्त लसूण सोली.

नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिस्स्याइतका पैसा परदेशी गेलेली अशी माणसे घरी पाठवतात, असे आम्हाला वर्गात शिकवले होते. त्या पैशाची दुसरी बाजू ही सोललेली लसूण.

मला ते पाहताना चमत्कारिक वाटे. जन्मभर मी अशा संभाषणाच्या दुसऱ्या टोकाला होते. आधी निळी एरोग्राम पत्रे, मग तीन मिनिटांचा फोन, आणि दर वेळी पुण्याहून आईचे तेच वाक्य : आमचे सगळे ठीक आहे. ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते. ते उच्चारणारा चेहरा मात्र प्रथम पाहिला तो काव्रेच्या डोंगरावर.

तेवढ्यात तिहार आला, म्हणजे त्यांची दिवाळी. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा! गावातली एरवी दगड खाणारी कुत्री त्या दिवशी गळ्यात हार आणि कपाळी टिळा लेवून ऐटीत हिंडत होती. मग गाय आणि लक्ष्मी, मग बैल, आणि शेवटी भाईटीका. बहीण भावाभोवती तेलाची धार धरते, अक्रोड फोडते, कपाळी सात रंगांचा टिळा लावते आणि मखमली फुलांचा हार घालते. ही फुले सुकत नाहीत. घरची लेक शेजारच्या गावाहून आली, तिने हार ओवला, पण घालायचा कोणाला? कोणीतरी म्हणाले, फोटोला घाला. आमा कडाडली. फोटोला हार कशाला, माझा मुलगा जिवंत आहे! हार खुंटीला टांगला गेला, तो येईल तेव्हासाठी.

मी त्या लेकीला सांगितले की आमच्याकडे भाऊ दूर असला तर बहिणी चंद्राला ओवाळतात. ती आधी हसली. पण संध्याकाळी अंगणाच्या कडेला जाऊन पश्चिमेकडे पाहत उभी राहिली. द्वितीयेची बारीक कोर टेकडीवर होती. तिने दिवा आणला, मी तिला ताट कसे फिरवायचे ते दाखवले. मागे सूनबाई उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कोर मावळेपर्यंत ती हलली नाही.

पुढे परीक्षा झाली, शपथविधी झाला, आणि मी दोन वर्षांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेले. तिथे काय केले ते इथे सांगत नाही. स्वयंसेवक मदत करायला जातो खरा, पण आधी कोणीतरी त्याला जेवू घालावे लागते, आपली खोली द्यावी लागते, घाम म्हणजे काय ते सांगावे लागते. माहेरी आपण लाडक्या, सासरी आपण जबाबदार. दोन्हीकडे आपल्यालाच इतके काही हवे असते की घर नीट दिसत नाही. या तिसऱ्या घरात मला ते दिसले.

यंदाच्या दिवाळीतही पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत परदेशाहून फोन येतील, आणि दोन्ही टोकांना सगळे ठीक असेल. दूर असलेल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे की, 'सगळे ठीक आहे' ऐकून झाले की फोन ठेवू नका. म्हैस कशी आहे, ते विचारा.