वाऱ्याने आखलेले मैदान

शेतजमीन संपते आणि पुळण अजून सुरू झालेली नसते, त्या मधल्या वाळवंटी पट्ट्यावर स्कॉटलंडमध्ये गोल्फ वाढला. हिमयुग ओसरले, बर्फाचा भार उतरला, तशी तिथली जमीन हळूहळू वर आली आणि समुद्र मागे सरला. मागे राहिलेली वाळू वाऱ्याने उचलली, टेकाडांत रचली, पुन्हा उधळली. या वाळूत ना ओल टिकते, ना पीक धरते. नांगराने सोडून दिलेली ही जमीन मग गावाचे गायरान झाली. अशा किनारी जमिनीवरच्या गोल्फ मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात.

इथले गवत बारीक, चिवट आणि मुळांशी घट्ट. मेंढ्या आणि ससे ते खुरटे ठेवत. पाऊस पडला की पाणी वाळूत जिरते, त्यामुळे जमीन कडक राहते आणि पडलेला चेंडू लांबवर घरंगळत जातो. झाडांचा आडोसा नाही. आहेत ती पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपे. वारा मोकळा सुटतो आणि सकाळी पाठीशी असलेला दुपारी तोंडावर येतो. म्हणून मुरलेला खेळाडू चेंडू उंच उडवत नाही. तो त्याला जमिनीलगत पळवतो आणि चढउतारांवर सोपवून देतो. चांगला फटका एखाद्या उंचवट्याला लागून भलतीकडे जाणे हे इथे गृहीतच असते. वाऱ्यापासून आसरा शोधणाऱ्या मेंढ्यांनी टेकाडांच्या कुशीत खळगे पाडले आणि त्यांतूनच बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तयार झाले, असे परंपरेने सांगतात. पुढे त्यांच्या कडा गवताच्या ढेपा थरावर थर रचून बांधल्या गेल्या.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हा या परंपरेचा मुख्य वारसा. धनुर्विद्येच्या सरावात अडथळा नको म्हणून स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती. लोक खेळतच राहिले. १५५२ च्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी सेंट अँड्र्यूजच्या या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नगर कर्जात बुडाले, जमीन विकली गेली आणि तिथे सशांचा धंदा सुरू झाला. बिळांनी मैदान पोखरले. भांडण कोर्टात गेले. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदाराने जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा नगराकडे आली.

या मैदानाचा कुणी एक रचनाकार नाही. खेळाडू समुद्राच्या कडेने दूर जात आणि त्याच वाटेने, त्याच होलमध्ये चेंडू घालत परतत. अशी बावीस होलची फेरी होई. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले, तेव्हा जाता-येता मिळून ती अठरांची झाली. पुढे हाच आकडा जगभर रूढ झाला. गर्दी वाढल्यावर होलभोवतीची हिरवळ, म्हणजे ग्रीन, रुंद करून प्रत्येकी दोन होल खोदले. आजही अशी सात जोडग्रीन आहेत आणि प्रत्येकावरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज अठरा भरते.

निसर्गाने दिलेल्या या मैदानाला निगेचे शास्त्र मिळाले ते टॉम मॉरिस यांच्याकडून. प्रेस्टविकला १८६० मध्ये झालेल्या पहिल्या ओपन स्पर्धेत आठ खेळाडू होते. त्यांत ते दुसरे आले. १८६५ मध्ये ते सेंट अँड्र्यूजला मैदानाचे राखणदार म्हणून परतले. गवतावर वाळूचा पातळ थर पसरून ते दाट करण्याची रीत त्यांनी रुजवली आणि बेवारशी वाढलेल्या मैदानाला शिस्त लावली.

१९७४ पासून एक न्यास या सार्वजनिक मैदानांचा कारभार पाहतो. ओल्ड कोर्सवर खेळायला तिथल्या एखाद्या क्लबचे सभासदत्व लागत नाही. खेळाच्या बऱ्याचशा वेळा सोडत काढून दिल्या जातात आणि तीत परदेशी पाहुण्याचे नावही निघू शकते. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला येतात. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गोल्फ मैदानाचे गायरानपण असे अजून शाबूत आहे.