दात झिजले की डोंगरही थांबतो!

बर्फावर धावणारी स्नोमोबाइल असो की खाणीत डोंगर उकरणारा बुलडोझर... पट्टा ओढणारं दातेरी चाक झिजलं की दोघंही जागच्या जागी! हे चाक बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? चला, भिलाईजवळच्या हथखोजला.

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकत सुमारे 265 किलोमीटरवरच्या दुर्गला पोहोचते. दुर्ग सुटलं की भिलाई पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. या कारखान्याच्या आधारानं लहान-मोठे उद्योग आले आणि हथखोज हे गाव अवजड उद्योगांची वसाहत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पत्र्याच्या उंच शेड, माल वाहून दमलेले ट्रेलर, वेल्डिंगच्या ठिणग्या, लेथची घरघर आणि कोपऱ्यावर चहाची टपरी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा उन्हात पडलेल्या लोखंडाला हात लावायची सोय नसते.

अशा ठिकाणी बर्फाची आठवण कुणाला होईल? पण होते, आणि ती त्या दातेरी चाकामुळे!

बापाचं दुःख, लेकरांची गाडी

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए या तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा 1934च्या जानेवारीत पोटाच्या दुखण्यानं आजारी पडला. बाहेर सगळीकडे बर्फ साचलेला. हॉस्पिटल गाठता आलं नाही आणि मूल दगावलं. बर्फावर चालेल अशा गाडीच्या खटपटीत बोम्बार्डिए आधीपासूनच होता. आता त्या खटपटीला धार आली. लाकडी दातेरी चाकावर रबर चढवून त्यानं पट्टा फिरवायची युक्ती काढली आणि 1937 साली तिचं पेटंट मिळवलं. त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांमधून डॉक्टर फिरले, शाळेची मुलंही फिरली. हलकी, स्कूटरसारखी ‘स्की-डू’ आली ती 1959 साली. आज गुलमर्गला हौशी पर्यटक फेरी मारतात, ती याच जातीच्या गाडीवर.

स्नोमोबाइलचं हे चाक बहुधा प्लास्टिकचं असतं. ते बदलायचं तर पट्ट्याचा ताण सैल करायचा, चाकांचा दांडा बाहेर काढायचा, जुनी चाकं दाबयंत्रानं उतरवायची आणि नवी चढवायची. एकाच दांड्यावरच्या सगळ्या चाकांचे दात एका रेषेत आले पाहिजेत. एक जरी पुढे-मागे झालं तरी पट्टा नीट धावत नाही.

बुलडोझरचं तत्त्व हेच. फक्त प्लास्टिकच्या जागी पोलाद आणि किलोच्या जागी टन!

चाक एकटं झिजत नाही

दुरुस्तीला आलेल्या बुलडोझरपुढे मुरलेला मिस्त्री बसला की आधी पाना उचलत नाही. दातांवरून हात फिरवतो. नवा दात रुंद आणि भरदार असतो, झिजलेला टोकदार होतो. मग तो साखळीकडे वळतो. साखळीच्या कड्यांत पिना आणि बुश असतात. ते झिजले की दोन कड्यांमधलं अंतर वाढतं, बुश दाताच्या खाचेत नीट बसत नाही, वर चढतो आणि दाताला खरवडत राहतो. म्हणूनच झिजलेल्या साखळीवर नवं चाक चढवणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. साखळीत दम असेल तर पिना आणि बुश अर्धा फेरा फिरवून न झिजलेली बाजू कामाला लावतात. घरी चादर मधोमध फाडून कडा आत घेतात ना, तसंच!

खरी जोखीम पुढे आहे. साखळी ताठ ठेवणारं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. त्याचा व्हॉल्व्ह हळूहळू सैल करायचा आणि तोंड बाजूला ठेवायचं. ग्रीसची चिळकांडी कातडीत घुसली तर हात गमवायची वेळ येते. नंतर यंत्र जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे द्यायचे, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरत नाही. जोडपिन घणानं ठोकून काढली की साखळी जमिनीवर अजगरासारखी पसरते. काही यंत्रांत चाक पाकळ्यांसारख्या तुकड्यांचं असतं. तिथे साखळी न सोडता एकेक तुकडा बदलता येतो. बैठक घासून साफ करायची, नवे बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचे, साखळीला पुस्तकात दिला असेल तेवढाच झोळ ठेवायचा. साखळी फार ताठ झाली तर झीज दुप्पट वेगानं सुरू होते, फार सैल राहिली तर ती उतरते.

यंत्र आणि हात

हे बुलडोझर जिथे राबतात, त्या दल्ली-राजहराच्या लोहखाणींची गोष्ट नागपूरशी जोडलेली आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयात सहज शिरले आणि भूगर्भाच्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं हे लोखंड दिसलं. टाटांचा कारखाना मात्र दुसरीकडे उभा राहिला. इथलं लोखंड थांबलं ते सोव्हिएत मदतीच्या 1955च्या करारापर्यंत. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पेटली.

पण खाणीत यंत्रं वाढली की हातांचं काय? हा प्रश्न शंकर गुहा नियोगी यांनी विचारला. त्यांच्या खाणमजूर संघटनेनं 1977नंतर संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध केला आणि यंत्रं व माणसं दोघांनाही काम राहील असा मधला मार्ग सुचवला. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी लढत असतानाच 28 सप्टेंबर 1991च्या पहाटे भिलाईत त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्या लढ्याची आठवण इथल्या कामगार वस्त्यांत अजून आहे.

हथखोज या नावात हात आहे आणि खोजही. झिजलेल्या दाताचा अंदाज अजूनही बोटंच आधी घेतात. काम संपलं की बुलडोझर दहा-वीस पावलं पुढे, दहा-वीस पावलं मागे नेतात. खडखड न होता साखळी एका लयीत फिरली, की मिस्त्री चिंधीला हात पुसतो आणि टपरीवर चहा सांगतो. तोवर पुढचं यंत्र फाटकाशी येऊन उभं असतं...